मुंबई इलाख्यातील प्लेगच्या लशीची परीक्षा आणि तुलनेची पद्धती

३० जानेवारी १८९७ रोजी मुंबईतील भायखळ्याच्या तुरुंगात वाल्डेमार हाफकिन याने सुमारे दीडशे कैद्यांना प्लेगची लस टोचली. त्याच तुरुंगातील सुमारे पावणेदोनशे कैदी न टोचलेले राहिले. पुढील आठवडाभराच्या अवधीत न टोचलेल्यांपैकी १२ जणांस प्लेग झाला व त्यांतील ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघे आजारी पडले, दगावला कोणीही नाही. वैद्यकाच्या इतिहासात हा प्रसंग बहुधा लशीच्या शोधाचा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः त्याचे महत्त्व आणखी एका दृष्टीने आहे. एखाद्या उपायाचा गुण ठरविण्यासाठी कोणाची कोणाशी तुलना करावी, आणि ती तुलना न्याय्य केव्हा मानावी, या प्रश्नाचा ऊहापोह या देशात प्रथमच इतक्या तपशिलाने येथून पुढच्या दोन-तीन वर्षांत झाला. तो कोठवर पोहोचला व कोठे अडला, हे पाहण्याजोगे आहे.

डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी मांडवी भागातील रोग्यांवरून हा रोग ग्रंथिक प्लेग असल्याचे निदान सप्टेंबर १८९६ मध्ये केले. ऑक्टोबरच्या आरंभी सरकारने हाफकिनला कलकत्त्याहून मुंबईस बोलावून घेतले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेला हा जंतुशास्त्रज्ञ १८९३ पासून हिंदुस्थानात पटकीच्या लशीचा प्रसार करीत होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला प्रयोगशाळेसाठी जागा मिळाली. प्लेगचे जंतू मांसाच्या काढ्यात वाढवावयाचे, काढ्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांच्याखाली जंतूंच्या लोंबत्या जटा वाढू द्यावयाच्या, नंतर त्या उष्णतेने मारून त्यात कार्बोलिक आम्ल मिसळावयाचे, अशी त्याची कृती होती. येथील लोकांच्या धर्मभावना ध्यानी घेऊन त्याने गोमांसाऐवजी बोकडाचे मांस वापरले. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने स्वतःस लस टोचून घेतली. लस सुसह्य आहे एवढेच यावरून सिद्ध झाले. ती गुणकारी आहे की नाही, हे एका निरोगी माणसाच्या अंगावरून ठरणे शक्य नव्हते. त्यासाठी रोगाची साथ आणि तुलनेस उपयोगी पडेल असा समाज या दोन्ही गोष्टींची जरुरी होती. भायखळ्याच्या तुरुंगात २३ जानेवारीच्या सुमारास प्लेगने प्रवेश केला, आणि दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळाल्या.

तुरुंगाची निवड केवळ सोयीची नव्हती. कलकत्त्याच्या बस्त्यांतून पटकीची लस टोचताना हाफकिनच्या अनुभवास आलेली अडचण अशी की, मोकळ्या वस्तीत माणसे येतात-जातात, कोणी कोठले पाणी प्यायले हे कळत नाही, आणि टोचून घेणारा माणूस बहुधा आपल्या प्रकृतीविषयी इतर बाबतींतही अधिक दक्ष असतो. तुरुंगात सर्वांचे अन्न एक, पाणी एक, काम व विश्रांतीचे तास एक, छप्पर एक. रोज सकाळी गणती होते; म्हणून किती माणसे धोक्यात होती, हा आकडा अंदाजाने धरावा लागत नाही. हाफकिनने आपल्या निवेदनात या समानतेवर भर दिला, तो योग्यच होता.

परंतु त्या समानतेला एक मोठे छिद्र होते. भायखळ्यास ज्या कैद्यांनी होकार दिला त्यांनाच लस टोचण्यात आली. होकार देणारा आणि नकार देणारा यांच्या वयात, पोषणात, वा बराकीतील जागेत काही फरक होता काय, याचा शोध घेतला गेला नाही. होकार म्हणजे काय, हाही प्रश्न आहेच. कैद्याचा होकार आणि रस्त्यावरील माणसाचा होकार हे एकाच मोलाचे नव्हेत. तत्कालीन लेखनात या दुसऱ्या गोष्टीचा विचार जवळजवळ आढळत नाही.

दुसरी बाब हिशेबाची. ज्यांच्या अंगात टोचतेवेळीच रोग शिरलेला होता आणि जे त्याच दिवशी आजारी पडले, त्यांना हाफकिनने लशीच्या हिशेबातून वगळले. तर्काला हे पटते, कारण लस परिणाम करण्यापूर्वीच ते रोगग्रस्त होते. पण वगळण्याचा नियम प्रयोगापूर्वी ठरलेला असावा लागतो, आणि तो दोन्ही बाजूंना सारखाच लागू करावा लागतो. निकाल हाती आल्यावर नियम ठरविला, तर प्रामाणिकातील प्रामाणिक संशोधकही नकळत आपल्या लशीच्या बाजूस झुकतो. हाफकिनचे मत असे होते की लशीचा प्रभाव टोचल्यापासून एका दिवसाच्या आत दिसू लागतो. हे मत मानले तर पहिल्या दिवसानंतरचे सर्व रोगी मोजावे लागतात, न मानले तर पुढचे काही दिवसही वगळावे लागतात. आकड्यांचा अर्थ असा एका पूर्वग्रहावर अवलंबून राहिला.

तथापि या आक्षेपांमुळे भायखळ्याचा निकाल निरर्थक ठरतो असे नाही. समजा, लशीचा काहीच परिणाम नव्हता. मग एकंदर १४ रोग्यांपैकी केवळ दोन किंवा त्याहून कमी रोगी टोचलेल्या गटात निव्वळ योगायोगाने पडण्याचा संभव किती? दोन्ही गटांचा आकार लक्षात घेता तो शंभरांत एकदोनपेक्षा जास्त येत नाही. योगायोगाची शंका अशा रीतीने पुष्कळशी दूर होते. उरते ती निवडीची शंका, आणि ती गणिताने दूर होणारी नाही. ती दूर करावयाची तर प्रयोगाची आखणीच बदलली पाहिजे. हा भेद १८९७ साली फारच थोड्यांच्या ध्यानी आला होता. हाफकिनच्या ध्यानी तो आला होता असे त्याच्या पुढच्या प्रयोगांवरून म्हणावे लागते.

१८९८ च्या आरंभी मुंबईच्या उमरखाडी तुरुंगात आणि त्यानंतर लवकरच बडोदे संस्थानातील उंढेरा या खेड्यात त्याने पुढचे प्रयोग केले. उमरखाडीत पुन्हा निम्म्या कैद्यांना टोचून निम्मे तसेच ठेवण्यात आले. पण पद्धतीच्या दृष्टीने उंढेऱ्याचा प्रयोग अधिक मोलाचा आहे. हे खेडे सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात होते. तेथे कुटुंबवार शिरगणती करून प्रत्येक घरातील सुमारे निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली. म्हणजे एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारी, एकाच उंदराच्या बिळाशेजारी निजणारी माणसे दोन गटांत विभागली गेली. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो, ही गोष्ट त्या काळी सर्वमान्य झालेली नव्हती. पॉल-लुई सिमोंचे प्रयोग त्याच वर्षी चालू होते. तरीही घर हेच धोक्याचे एकक धरावे, हे हाफकिनला सुचले. रोगाचा मार्ग ठाऊक नसताना देखील तुलना न्याय्य करता येते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

नंतर साथ आली. ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांतील न टोचलेली माणसे ६४ होती. त्यांपैकी २७ जणांस रोग झाला व २६ मेले. त्याच कुटुंबांतील टोचलेली माणसे ७१. त्यांपैकी ८ जणांस रोग झाला व ३ मेले. मृत्यूचे प्रमाण शेकडा चाळीसवरून शेकडा चारपर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद टक्क्यांनी, घटलेले दिसते.

या आकड्यांकडे पाहताना एका तपशिलापाशी थांबले पाहिजे. न टोचलेल्यांतील २७ रोग्यांपैकी केवळ एकच वाचला. ग्रंथिक प्लेग भयंकर खराच. पण त्या काळच्या इस्पितळांतूनही रोग्यांचा बराच मोठा भाग वाचत असे. मग उंढेऱ्यास एवढे कमी का वाचले? एक शक्यता अशी की न टोचलेल्या माणसाचा सौम्य आजार प्लेग म्हणून नोंदला गेलाच नाही. मृत्यूनेच निदान पक्के केले. उलट टोचलेल्या माणसावर परीक्षकांची नजर असल्यामुळे त्याचा साधा तापही रोगात जमा झाला असणे शक्य आहे. असे असेल तर रोगाच्या आकड्यांवरून लशीचा गुण प्रत्यक्षाहून कमी दिसेल, आणि ‘लस घेतलेल्यास रोग झाला तरी तो सौम्य होतो’ हा निष्कर्ष मात्र प्रत्यक्षाहून अधिक बळकट भासेल. म्हणून रोगांच्या संख्येपेक्षा मृत्यूंच्या संख्येवरच विसंबणे अधिक सुरक्षित. मृत्यूबद्दल दुमत होत नाही.

याच्या मुळाशी असलेली अडचण हाफकिनला टाळता येण्याजोगी नव्हती. त्याची लस टोचली की ताप येई, दंड सुजे. किंबहुना ताप किती चढतो यावरूनच तो मात्रा योग्य होती की नाही हे ठरवी. अशा स्थितीत कोणी लस घेतली आहे हे रोग्यापासून वा वैद्यापासून लपविणे अशक्य होते. न टोचलेल्यांना निर्गुण द्रवाची टोचणी देण्याची कल्पना तेव्हा कोणी मांडली नाही.

मोकळ्या शहरांतील आकड्यांचा विचार थोडक्यात उरकण्यास हरकत नाही, कारण त्यांत संख्या मोठ्या असल्या तरी पुरावा दुबळा आहे. आगाखानांच्या पाठिंब्यामुळे मुंबईतील खोजा समाजात पुष्कळांनी लस घेतली. पण एका समाजातील लस घेणारे व न घेणारे यांच्या राहणीत फरक नव्हता असे कोण सांगणार? हुबळीस १८९८ मध्ये टोचलेल्यांची संख्या आठवड्यागणिक वाढत गेली आणि न टोचलेल्यांची घटत गेली. ही घटती संख्या बहुतांशी वजाबाकीने काढावी लागली: गावाची लोकसंख्या इतकी, त्यातून टोचलेले वजा. पण साथीत गाव रिकामे होते, लोक रानात झोपड्या घालून राहतात, काही परततात. छेद चुकला की प्रमाण चुकते. शिवाय शेवटी जे न टोचलेले उरतात ते आरंभीच्या न टोचलेल्यांचे प्रतिनिधी राहत नाहीत. त्यांत अतिवृद्ध, आधीच आजारी व सर्वांत दरिद्री यांचा भरणा होत जातो. त्यांतच आणखी एक सूक्ष्म फसगत आहे. जो माणूस मार्चमध्ये टोचून घेतो तो मार्चपर्यंत जिवंत व निरोगी राहिलेला असतो. त्याचे आधीचे निरोगी दिवस लशीच्या खात्यावर मांडले, तर लशीला न केलेल्या कामाचे श्रेय मिळते.

सरकारने १८९८ मध्ये नेमलेल्या प्लेग कमिशनने ही सर्व सामग्री तपासली. एडिंबरोचे प्राध्यापक थॉमस फ्रेझर हे अध्यक्ष होते. सदस्यांत आल्मरॉथ राइट हे विषमज्वराच्या लशीचे कर्तेही होते. कमिशनचा निर्णय संयमाचा होता: लशीने रोगाचे व मृत्यूचे प्रमाण जाणवण्याइतके घटते, परंतु संरक्षण पूर्ण नसते, टोचल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत फारसे संरक्षण मिळते असे दिसत नाही. हाफकिनचा एका दिवसाचा दावा येथे अमान्य झाला. कमिशनने सादर झालेल्या आकड्यांच्या कच्चेपणावर कठोर टीका केली, आणि ती टीका वाचताना असे जाणवते की निष्कर्षापेक्षा निष्कर्षाचा मार्ग तपासण्याकडे परीक्षकांचे लक्ष वळू लागले होते. मुंबई इलाख्यात त्या वेळी प्लेगविषयी शांतपणे बोलणे सोपे नव्हते. साथीच्या रोगांचा कायदा फेब्रुवारी १८९७ मध्ये झाला. घरझडत्यांमुळे पुण्यात क्षोभ उसळला आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. लस घेणे या काळात वैद्यकीय निर्णय तर होताच, सरकारवर विश्वास ठेवावा की न ठेवावा याचाही तो निर्णय होता. आणि म्हणूनच स्वेच्छेने आलेल्यांची न आलेल्यांशी तुलना येथे इतर कोठल्याहीपेक्षा अधिक धोक्याची होती.

लशीबरोबर रक्तजलाचाही प्रश्न होता. मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळात डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांनी इटालियन शास्त्रज्ञ लुस्टिग याच्या रक्तजलाची परीक्षा केली, आणि तीत येणाऱ्या रोग्यांपैकी एकास रक्तजल व त्यापुढच्यास नेहमीचा उपचार, अशा आळीपाळीच्या क्रमाचा अवलंब केला. रोगप्रतिबंधक लशीपेक्षा उपचाराच्या परीक्षेत या क्रमाची गरज अधिक असते. आसन्नमरण रोग्याला रक्तजल देऊन उपयोग नाही असे वैद्याला वाटणे स्वाभाविक आहे. पण अशा रोग्यांना त्याने वगळले की ते दुसऱ्या गटात जमा होतात, आणि रक्तजल निर्गुण असले तरी गुणकारी दिसू लागते. कोपनहेगन येथे योहानेस फिबिगर याने घटसर्पाच्या रक्तजलाची परीक्षा याच सुमारास केली, ती १८९८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याने दिवसाआड पद्धत ठेवली: एका दिवशी दाखल झालेल्या सर्वांना रक्तजल, दुसऱ्या दिवशीच्यांना नाही. रक्तजल मिळालेल्या २३९ पैकी ८ व न मिळालेल्या २४५ पैकी ३० रोगी दगावले. युरोपीय ग्रंथांतून फिबिगरचे नाव येते. आर्थर रोडचे क्वचित येते. कार्याच्या तुलनेत हे विस्मरण न्याय्य नाही.

आळीपाळीतही एक दोष राहतो. पुढचा क्रम कोणाचा हे दाखल करून घेणाऱ्याला आधीच ठाऊक असते. रोगी दारात असताना ‘याला थोडा वेळ थांबवा’ एवढे म्हटले तरी क्रम मोडतो. या दोषाचे निराकरण पुढे अर्धशतकाने झाले. दरम्यान १९१५ मध्ये मेजर ग्रीनवुड व उडनी यूल यांनी विषमज्वर व पटकीच्या लशींच्या आकड्यांची चिकित्सा करताना तीन अटी मांडल्या. टोचलेले व न टोचलेले सर्व महत्त्वाच्या बाबतींत सारखे असावेत; दोघांनाही रोगाचा संपर्क सारखाच घडावा; आणि कोणी टोचला आहे व कोणास रोग झाला आहे, हे ठरविण्याच्या कसोट्या परस्परांपासून स्वतंत्र असाव्यात. या अटी उंढेऱ्यास लावून पाहिल्या तर दुसरी जवळजवळ पूर्ण होते, पहिली बऱ्याच अंशी, तिसरी मात्र मुळीच होत नाही. भायखळ्यास फक्त दुसरी टिकते. हुबळीस एकही नाही.

१९४८ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा प्रसिद्ध केली, तीत ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक अंकांच्या कोष्टकावरून रोग्यांची विभागणी केली आणि ती मोहोरबंद पाकिटांत ठेवली. रोगी परीक्षेत घेण्याचा निर्णय झाल्यावरच पाकीट उघडावयाचे. म्हणजे वैद्याच्या इच्छेला वाव नाही. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ व न मिळालेल्या ५२ पैकी १४ रोगी मरण पावले. या ५२ जणांना औषध न देण्याचे समर्थन असे होते की त्या वेळी ब्रिटनमध्ये औषध सर्वांना पुरेल इतके नव्हतेच.

हे समर्थन उंढेऱ्यास लावता येईल काय? १८९८ मध्ये लस दुर्मिळ होती हे खरे. पण त्या गावापुरती ती पुरली नसती असे म्हणता येत नाही. उलट लस गुणकारी आहे याची खात्री तोवर झालेली नव्हती, आणि ती अपायकारकही ठरू शकली असती. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल येथे एका बाटलीतील लस टोचलेले १९ लोक धनुर्वाताने मेले. हाफकिनला पदावरून दूर व्हावे लागले आणि त्याच्यावरील ठपका दूर होण्यास १९०७ साल उजाडले. अज्ञान खरोखरचे होते, आणि खरोखरच्या अज्ञानातच अशा विभागणीला नैतिक आधार मिळतो. पण भायखळा व उमरखाडी यांचे निकाल हाती असताना स्वतः हाफकिनचे अज्ञान कितपत खरे उरले होते? त्याला लशीवर पूर्ण विश्वास होता. शंका होती ती इतरांना, आणि त्यांची शंका फेडण्यासाठी निम्मे गाव न टोचलेले राहिले.

तुलनेचा हा पेच मराठी मुलखात पुढेही दोन ठळक प्रसंगी उभा राहिला. गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरोघरी नवजात बालकांची शुश्रूषा करण्याचा प्रयोग ३९ गावांत केला व ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. गावांची विभागणी यादृच्छिक नव्हती, पण उपचार सुरू करण्यापूर्वी १९९३ ते १९९५ अशी दोन वर्षे दोन्ही भागांतील मृत्यू मोजले गेले. गट आरंभी सारखे होते काय, या भायखळ्यास अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाला येथे मोजमापाने उत्तर मिळाले. दुसरा प्रसंग तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांच्या सहभागाने १९९९ पासून ४९७ गावांतील ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी परीक्षा आखण्यात आली. गावांचे ५२ समूह करून ते यदृच्छेने चार भागांत वाटले. तीन भागांत तीन निरनिराळ्या तपासण्या झाल्या व चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था ठेवली गेली. घरातील माणसे परस्परांपासून स्वतंत्र नसतात, हा उंढेऱ्याच्या हिशेबात न धरलेला मुद्दा येथे समूह हेच एकक धरल्यामुळे आखणीतच सामावला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत या रोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४. इतर दोन तपासण्यांनी मृत्यू लक्षणीय प्रमाणात घटले नाहीत.

या परीक्षेवर परदेशांतून व देशातूनही आक्षेप घेण्यात आला तो चौथ्या भागाविषयी: तपासणीने जीव वाचतात हे इतर देशांत आधीच माहीत असताना या स्त्रियांना ती न देणे योग्य होते काय? परीक्षकांचे उत्तर असे की त्या जिल्ह्यात तपासणीची कोणतीच व्यवस्था नव्हती, आणि अशा मुलखात कोणती तपासणी उपयोगी पडते हे कोणासच ठाऊक नव्हते. निकालाने या उत्तरास अंशतः दुजोरा दिला, कारण ज्या पेशीपरीक्षेचा पाश्चात्त्य देशांत दीर्घकाळ आधार घेतला गेला, तिने येथे मृत्यू लक्षणीय घटविले नाहीत. पण निकाल नंतर आला; विभागणी आधी झाली होती, आणि आक्षेप विभागणीवर होता.